हॉलमध्ये ठेवायला फायकस: बेंजामिना की बांबिनो?

दोन्ही वड-उंबराच्या कुळातली. दोन्ही कुंडीत आटोपशीर राहतात आणि जागा बदलली की पानं गाळतात. हे नर्सरीवाल्यानं सांगितलंच असेल.

बेंजामिना दिसायला नाजूक, फांद्या झुकलेल्या. छाटणी निमूट सोसते, बोडकी झालेली फांदीही पुन्हा फुटते. बांबिनोचं तसं नाही. फिडल लीफ या मोठ्या पानांच्या फायकसचं हे बुटकं वाण सरळ वर वाढतं आणि खालचं पान एकदा गळलं की त्या जागी सहसा दुसरं येत नाही. शिवाय महाग. इथवर बेंजामिनाच सरस.

माझा निकाल मात्र चिकटपणावर लागला. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बेंजामिनाखालची फरशी चपलेला चटचट चिकटायला लागली. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मग मुंग्यांची रांग. पान उलटलं तर शिरेलगत तिळाएवढे तपकिरी, टणक ठिपके: खवले कीड. ती रस शोषते आणि गोडसर चिकट स्राव खाली टाकते, त्यावर पुढे काळी बुरशी चढते. नखानं खरवडली, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारलं, की कमी होते. पण शेकडो बारीक पानांची खालची बाजू रोज कोण तपासणार? एखादी फांदी सुटली तरी ती तिथून पुन्हा पसरते.

बांबिनोलाही ही कीड लागते. पण तिथं पानं मोजकी, जाड आणि मोठी. एका हातानं पान खालून धरायचं, दुसऱ्यानं ओलं फडकं फिरवायचं. धूळही निघते आणि कीड असलीच तर लगेच दिसते. चहा निवायच्या आत झाड पुसून होतं.

बांबिनोला जपायचं ते पाण्यापासून. फिडल लीफ मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. उजेड भरपूर हवा, पण मुळं भिजत राहिली की खालच्या पानांवर तपकिरी डाग पडतात. पावसाळ्यात बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. पूर्वेची खिडकी मिळाली तर उत्तम.

कुंडी मोकळ्या गॅलरीतच राहणार असेल तर बेंजामिना जरूर घ्या, तिथं पाण्याचा जोरदार फवारा मारता येतो. सोफ्याशेजारी ठेवायचं असेल तर मी तरी बांबिनोच सुचवेन. घरात कुत्रं-मांजर असेल तर दोन्ही त्यांच्यापासून लांब ठेवा, चीक त्यांना बाधतो. आणि कुठलंही घ्या, नर्सरीतच चार पानं उलटून बघा. खोडावर मुंग्या चढत असतील तर ती कुंडी तिथंच राहू द्या.