बूच का घुंगरू? उजनीकाठी दुपार काढायची तर कुठला गळ घ्यावा

भाच्याचा फोन आलेला, मामा गळ टाकायला शिकायचंय, ऑनलाइन रीलचा सेट मागवू का तुमच्यासारखी बांबूची काठीच करू? फोनवर सांगून संपेना म्हणून लिहूनच काढतोय, दोन्ही माझ्याकडं आहेत आणि दोन्ही घेऊन भिगवणच्या बाजूला पाठ भाजून घेतलीय.

काठीचं आधी. दहा-बारा फुटी बांबू, जवळपास तेवढाच तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा मणी, बारका गळ आणि मासा लागला की कळावं म्हणून पाण्यावर तरंगणारं बूच. ते दुकानातलंच पाहिजे असं काही नाही, मी अजून ज्वारीच्या धाटाचं भेंड बोटभर कापून लावतो. शिसं मात्र हिशोबात पाहिजे, बुचाचं टोक तेवढं वर राहिलं पाहिजे, कमी पडलं की ते पाण्यावर आडवं लोळत बसतं आणि मासा गांडूळ खाऊन गेला तरी तुला पत्ता लागत नाही. मी सुरुवातीला हेच केलं, अख्खा डबा गांडूळ चिलापीला (तिलापिया मासा) फुकट चारलं.

चिलापी लागते ती बघण्यासारखी. आधी बूच नुसतं थरथरतं, भोवती बारकी वलयं उठतात, इथं हात शिवशिवतो पण ओढायचं नाही. मग ते तिरकं सरकत खाली जायला लागतं, तेव्हा मनगटानं हलका झटका. शिसं तळाला टेकवलेलं असेल आणि मृगळनं आमिष उचललं तर उलटंच होतं, बूच वर उठून आडवं पडतं, नवख्याला वाटतं वाऱ्यानं पडलं. अजून एक, कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, म्हणजे बूच दोऱ्यावर वर-खाली सरकवलं की गळ पाहिजे त्या थरात लटकवता येतो. ही सोय घुंगरू लावलेल्या रीलात नाही.

आता रील. फायबरचा रॉड, जड शिसं, टोकाला माशानं ओढलं की वाजणारं घुंगरू, तीस-चाळीस मीटर आत फेकायचं आणि रॉड दगडाला टेकवून गप बसायचं. गळ तळाला पडून राहतो म्हणून मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), मिशावाला शिंगटा असला मोठा माल लागतो. पण तळाला बुडालेल्या बाभळीची खोडं आहेत, दुपारी दोन-तीन शिसं तरी तिथंच ठेवून यायची तयारी ठेव. रीलचा ब्रेक ढिला ठेवायचा, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सुटतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वेड्या बाभळीखाली डोळा लागला, घुंगरू वाजलं आणि उठेस्तोवर रॉड पाण्यात चाललेला, चपला घालून पळालो चिखलात, एक चपल गेली, रॉड मिळाला. मासा अर्थातच गेला.

पैशाचं काय, काठीचा सगळा खेळ दोनशेच्या आत होतो, रीलचा बरा सेट घ्यायचा तर हजार-दोन हजार धर.

पण खरं ठरतं ते पाण्यावर. उजनीची एकूण साठवण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळच्या पाण्यात, त्यामुळं उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही खाली, गेलं की काठ लांब आत सरकतो आणि समोर नुसता उथळ चिखल उरतो. ज्या वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून उघडं पडतं तेव्हा काठी घरीच ठेव, बारा फुटात गुडघाभर पाणीसुद्धा मिळत नाही, तिथं रीलच पाहिजे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत मात्र पाणी काठाला भिडलेलं असतं, दुपारी उन्हानं कडेचं पाणी कोमट झालं की चिलापी आपणहून जवळ येते, तेव्हा पुढ्यात पडलेल्या बुचाला तोड नाही. तू डिसेंबरात येणार म्हणतोयस, म्हणजे झालंच की, काठी.

आणि एकच मासा दहा किलोचा पाहिजे असलं डोक्यात असेल तर रीलच घे, मी अडवत नाही, फक्त मग दुपारभर काही न घडण्याची तक्रार करायची नाही. शिवाय तुला मोबाईल बघायची सवय आहे, घुंगरू लावलं की तू मोबाईलच बघणार.

काहीही आणलंस तरी आधी तिथल्या होडीवाल्यांना विचारून बसायचं, मासेमारीचा ठेका असतो आणि त्यांच्या जाळ्यात तुझा गळ अडकला तर ते शिव्या देतात, त्यांचंही बरोबरच आहे. आमिषाला कणीक मी मळून आणतो, थोडी शेंगपेंड घालून. तू गांडुळं बघ, उकिरड्याच्या कडेला ओल असते तिथं मिळतील.