फोटो की आवाजाचं रेकॉर्डिंग? दुर्मीळ पक्ष्याला पुरावा कुठला धरायचा

गोव्याच्या यादीत दुर्मीळ पक्षी घालायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात, फोटो कुठाय? मोरजीच्या किनाऱ्यावरचे कुरव, करमळीच्या तळ्याकडचे पाणलावे यांना फोटोच लागतो आणि तोसुद्धा उडतानाचा, कारण साध्या पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरी पट्टी असते, पिनटेल पाणलाव्याला ती नसते, आणि चिखलात बसलेला असताना यातलं काहीच धड दिसत नाही. धुरकट फोटो चालतो हो, पट्टी कळली की झालं. एडिट करून रंग भडक केलेला मात्र पाठवू नका.

बोंडला, म्हादईच्या जंगलात मात्र मी आवाजाच्याच बाजूने. रातवा या निशाचर पक्ष्यामागे रात्री टॉर्च मारत फिरणं मला अजिबात पटत नाही, त्यापेक्षा मोबाईलवर रेकॉर्डिंग घ्या, जर्डनचा रातवा आणि इंडियन रातवा अंधारात जवळपास सारखेच दिसतात पण ओरडणं सरळ वेगळं. मर्लिनने, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपने, नाव दाखवलं म्हणजे पुरावा नव्हे, मूळ ऑडिओ ईबर्ड या पक्षिनोंदींच्या साइटवरच्या तुमच्या चेकलिस्टला (त्या फेरीच्या यादीला) जोडा, नोंद तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला तोच ऐकायचा असतो.

धोका एकच, भृंगराज पक्षी. हा दुसऱ्या पक्ष्यांच्या इतक्या हुबेहूब नकला करतो की चांगले चांगले फसतात, म्हणून हवा तो आवाज मिळाला तरी रेकॉर्डिंग लगेच बंद करू नका, चालू ठेवा, नकलाकार असला तर थोड्या वेळात त्याच फांदीवरून दुसराच कोणीतरी बोलायला लागतो.