गाडीतळाजवळचं आमचं मेडिकल: नको ती गोळी न देणारं दुकान

पुण्याच्या हडपसरात नवीन राहायला आलेल्या तिघांनी या महिन्यात मला विचारलं, की मेडिकल कुठलं चांगलं, ॲपवर तर वीस टक्के सूट मिळते मग दुकानात कशाला जायचं. त्यांना तोंडी सांगून झालंय पण नीट लिहावंसं वाटलं म्हणून हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव टाकू नको असं दुकानदार काकांनीच सांगितलंय त्यामुळे टाकत नाही, गाडीतळाच्या आतल्या गल्लीत पिठाच्या गिरणीला लागून आहे, विचारलं तर कोणीही दाखवेल. दुकान दहा बाय बाराचं. काका डी. फार्म झालेले, लायसन्स त्यांच्याच नावाचं, भाड्याचं नाही, आणि काउंटरला स्वतः उभे राहतात. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

या दुकानाची खरी परीक्षा झाली ती कोरोनात. तेव्हा कोण काय घ्यायचं, कोणती लस, कोणती गोळी, यावर घराघरात भांडणं चालू होती आणि ती सगळी भांडणं शेवटी यायची या काउंटरवर. प्लॅस्टिकचा पडदा लावलेला, त्याला हाताएवढी खिडकी कापलेली, समोर नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे फोन हातात धरून मेसेज दाखवणारे.

सुरुवात आमच्या घरापासूनच सांगतो. आईला आमवात आहे, गेली कित्येक वर्षं ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० घेते. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) ही गोळी डॉक्टर-नर्स आणि पेशंटच्या घरातल्या लोकांसाठी खबरदारी म्हणून सुचवली आणि बाहेर लोकांनी ऐकलं ते एवढंच की कोरोनावर गोळी आली. मी पाच दुकानं फिरलो, कुठेच नाही. आईच्या बोटांना सकाळी सूज असते, गोळी चुकली की कपसुद्धा धरता येत नाही, त्यामुळे माझा जीव नुसता वरखाली. काकांकडे गेलो तर त्यांनी खालून ओआरएसचा रिकामा खोका काढला, त्यावर लाल पेनने ‘जुने पेशंट’ लिहिलेलं, आत सात-आठ जणांच्या स्ट्रिप्स, प्रत्येकीला रबरबँड आणि नावाची चिठ्ठी. आईच्या नावाच्या दोन होत्या. माझ्यासमोर एक माणूस गाडीतून उतरला आणि म्हणाला तिप्पट देतो, खोक्यातल्या द्या. काका म्हणाले, ‘त्या विकून झाल्यात.’ महिना संपायच्या आत सरकारने ती गोळी शेड्यूल एच १ मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद केल्याशिवाय द्यायची नाही. काका ते आधीच करत होते. आणि जूनमध्ये इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या औषध-चाचणीतून आलं की ॲडमिट पेशंटना या गोळीने फायदा होत नाही. तोवर आईसारख्यांचे किती हाल झाले त्याचा हिशोब कोणी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

आता त्यांची चूकही सांगतो, नाहीतर हा रिव्ह्यू खोटा होईल. प्लाझ्मावर, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला पातळ भाग पेशंटला देण्यावर, काकांचा फार विश्वास होता. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी बरे झालेल्या लोकांची यादी केली, फोन करकरून डोनर मिळवून दिले, माझा भाऊही त्यांच्या सांगण्यावरून देऊन आला. नंतर आयसीएमआरचाच अभ्यास आला, ३९ हॉस्पिटलं आणि ४६४ पेशंट, आणि त्यात दिसलं की प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले ना आजार वाढायचा थांबला. काकांनी बातमीचं कात्रण काउंटरच्या काचेखाली लावलं आणि भावाला म्हणाले, ‘तुला मी पाठवलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं उपयोग होईल, नाही झाला.’ एवढंच, पण दुकानदाराने असं तोंडावर सांगितलेलं मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. सरकारी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला, तोपर्यंत लोक वणवण फिरतच होते.

दुसऱ्या लाटेचं आठवलं तरी पोटात गोळा येतो. एप्रिल २०२१, मामा एका हॉस्पिटलमध्ये, आणि रात्री दहाला तिथून चिठ्ठी हातात दिली, रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनच्या सहा कुप्या आणा. कुठून आणायच्या ते कोणी सांगेना. पुण्यात नातेवाइकांच्या रांगाच रांगा, एक जण फोनवर छापील किमतीच्या कितीतरी पट सांगत होता आणि मी खरंच पैसे जमवायला लागलो होतो. काकांचं शटर अर्धं खाली होतं. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि पहिलं विचारलं, ‘ऑक्सिजन किती आहे? कितवा दिवस? स्टेरॉइड चालू आहे का?’ मला यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं, मी फक्त इंजेक्शनच्या मागे होतो. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की या इंजेक्शनने जीव वाचतो असं मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही, डब्ल्यूएचओने नोव्हेंबरमध्येच ते देऊ नका असं सांगितलंय, आपल्याकडचे डॉक्टर काही पेशंटना देतात, तो त्यांचा निर्णय, पण ‘मी आणू शकलो नाही म्हणून मामा गेला असं आयुष्यभर मनात धरू नकोस आणि फोनवरच्या त्या माणसाकडून काही घेऊ नकोस.’ त्याच महिन्यात बारामतीत रिकाम्या कुप्यांमध्ये पातळ पॅरासिटामॉल भरून रेमडेसिविर म्हणून विकणारी टोळी पकडली गेली. ती बातमी वाचताना माझे हातपाय गार पडले होते.

मामा वाचले. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. इंजेक्शन शेवटी दिलं की नाही ते बिल बघूनही आम्हाला कळलं नाही.

स्टेरॉइडच्या बाबतीत तर काका अगदी हट्टी. डेक्सामेथासोन ही जुनी, स्वस्त गोळी, आणि जून २०२० मध्ये रिकव्हरी ट्रायलनेच दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू त्याने साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये एक पंचमांशाने. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना फायदा नाही. हे शेवटचं वाक्य व्हॉट्सॲपवरच्या ‘घरच्या घरी उपचार’ मेसेजमधून गळालेलं असायचं. शेजारचा मुलगा तो मेसेज घेऊन आला, वडिलांना कालच ताप आलाय, शुगर आहे, आणि पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड हवं. काकांनी दिलं नाही. मुलगा जाम चिडला, आरडाओरडा केला, दुसरीकडे मिळेल म्हणाला. काका म्हणाले मिळेल, पण आधी हे घेऊन जा, आणि ऑक्सिमीटर दिला, डिपॉझिट न घेता, वहीत फक्त नाव आणि तारीख लिहून. असे तीन ऑक्सिमीटर त्यांनी स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवले होते आणि ते गल्लीभर फिरायचे. देताना सांगायचे, नखाला मेंदी-नेलपॉलिश नको, बोट गार असेल तर आधी चोळा, बसून आकडा बघा मग सहा मिनिटं घरातल्या घरात चाला आणि परत बघा, ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला तर मला फोन करत बसू नका, थेट डॉक्टर. आणि रात्री पालथं झोपा. पुढे मे महिन्यात काळ्या बुरशीचे पेशंट वाढायला लागले, त्यात बरेचसे शुगरवाले आणि स्टेरॉइड घेतलेले, तेव्हा तो मुलगा परत आला आणि ऑक्सिमीटर देताना काउंटरवर नुसतं डोकं टेकवून उभा राहिला. त्याचे वडील घरीच बरे झाले होते.

आयव्हरमेक्टिन या जंतावरच्या गोळीवरून माझं आणि ताईचं वाजलं होतं. ताई म्हापशाला असते, मे २०२१ मध्ये गोवा सरकारने जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस ही गोळी देणार, ताप असो नसो. ताईचा फोन, ‘इथं सरकार देतंय आणि तुझा मेडिकलवाला देत नाही म्हणजे काय!’ काकांना विचारलं तर म्हणाले, ‘सौम्य आजाराच्या सरकारी यादीत गोळी आहे, डॉक्टरने लिहिली तर देईन, पण आजारी नसताना घ्यायची म्हणून नाही देणार, तसा पुरावा नाही.’ डब्ल्यूएचओच्या सौम्या स्वामीनाथन यांनीही तेव्हा तेच सांगितलं होतं. जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने नव्या सूचना काढल्या, त्यात आयव्हरमेक्टिन नव्हती, डॉक्सीसायक्लिन नव्हती आणि आईची ती गोळीही नव्हती. ताईला मी काही बोललो नाही, ती घाबरलेली होती, दोन लहान मुलं घरात. त्या दिवसांत कोणीतरी काहीतरी हातात दिलं की माणसाला बरं वाटायचं, हे मला तेव्हाही कळत होतं.

लसीचं सांगायचं तर आमच्या इथला राग वेगळाच होता. कोव्हिशिल्ड तेव्हा बनायची आमच्या हडपसर-मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, १२ जानेवारी २०२१ ला पहाटे ट्रकला नारळ फोडून गाड्या देशभर निघाल्या त्या आमच्याच इथून, आणि मे महिन्यात आम्हाला स्लॉट मिळेना. वर कोणती घ्यायची यावर वाद. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचा निकाल यायचा होता, म्हणून शंका होतीच, आणि दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांचीच टीव्हीवर जुंपल्यावर आमच्यासारख्यांनी काय समजायचं.

आप्पा हार्टसाठी एकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) घेतात. कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी लस टाळावी असं होतं, ते पान फिरत फिरत आप्पांच्या फोनवर आलं आणि आप्पांनी जाहीर केलं, मी लस घेणार नाही, कुठलीच. घरात दहा दिवस अबोला. मी ओरडलो, भावाने समजावलं, आई रडली, काही उपयोग नाही. शेवटी गोळ्या आणायला म्हणून त्यांना काकांकडे नेलं. काकांनी ते अख्खं पत्रक प्रिंट काढून ठेवलेलं होतं, हसले नाहीत, ‘अफवा आहे’ असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘आप्पा, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, हे यात लिहिलंय. आता एकोस्प्रिन त्यात बसते का ते मी नाही ठरवणार, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारू’, आणि तिथूनच फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाले गोळी बंद करायची नाही, लस घ्यायची, टोचल्यावर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायचा. आप्पांनी फोन ठेवला आणि विचारलं, ‘ताप येईल?’ काका म्हणाले, ‘येऊ शकतो, दंड दुखेल, एक-दोन दिवस. पॅरासिटामॉल आहे ना घरी?’ दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळी सातला आंघोळ करून तयार.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांचं रजिस्ट्रेशनही काकांनी केलं. तेव्हा एका मोबाइल नंबरवर चार जणांचं व्हायचं, म्हणून स्वतःचा, काकूंचा आणि दुकानातल्या पोऱ्याचा असे तीन नंबर वापरले. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, भाजीवाले, सगळ्यांच्या तारखा त्याच वहीत. आणि कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधला गॅप बदलत गेला, आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग मेमध्ये एकदम बारा ते सोळा, तेव्हा लोक येऊन काकांवरच डाफरायचे जणू त्यांनीच बदललाय, आणि ते प्रत्येकाची जुनी तारीख खोडून नवी लिहून द्यायचे.

२०२४ च्या एप्रिल अखेरीस बातम्या आल्या की ॲस्ट्राझेनेकाने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं, त्यांच्या लसीने (आपल्याकडे तीच कोव्हिशिल्ड) फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि प्लेटलेट्स कमी होऊ शकतात. आप्पा पेपर घेऊन तडक दुकानात, मी मागोमाग. मला वाटलं काका उडवून लावतील. त्यांनी आप्पांना स्टुलावर बसवलं. म्हणाले, खरं आहे, युरोपात २०२१ च्या मार्चमध्ये काही देशांनी याच कारणाने ही लस थांबवली होती आणि एप्रिलमध्ये तिथल्या औषध नियामकाने अत्यंत दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून तो नोंदवला, जे होतं ते बहुतेक डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतं, तुम्हाला तीन वर्षं झाली. आणि ज्यांचं माणूस त्याने गेलं त्यांना भरपाई मिळायलाच हवी असं माझं मत आहे. आप्पा म्हणाले, ‘मग तेव्हा आम्हाला स्पष्ट का नाही सांगितलं कोणी?’ काका म्हणाले, ‘सांगायला हवं होतं. मीपण सगळ्यांना नाही सांगितलं, विचारलं त्यांनाच सांगितलं.’ आप्पा बराच वेळ बसले, मग पेपर घडी करून ठेवला आणि नेहमीच्या गोळ्या मागितल्या. पुढचा बूस्टर असता तर घेतला असता का, तर माझ्या मते आप्पांनी काकांना विचारून घेतला असता.

आता तो अर्धा स्टार. दुकान दुपारी दोन ते साडेचार बंद, काही झालं तरी. काका एकेका गिऱ्हाइकाशी इतकं बोलतात की मागे रांग लागते, ऑफिसला जायच्या घाईत असाल तर चिडचिड होणार. सूट मिळते दहा टक्के, तीही मागितली तर. घरपोच फक्त म्हाताऱ्या माणसांना, पोऱ्या सायकलवर आणून देतो. स्कॅनर चालतो, कार्डाचं मशीन निम्म्या वेळा बंद. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही आणि वर पाच मिनिटं ऐकून घ्यावं लागेल. पण इन्सुलिन इथूनच घ्या, फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे आणि दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहिलेला असतो, मागितली तर वही दाखवतात, आणि उन्हाळ्यात जाताना थर्मासमध्ये बर्फ घालून देतात.

पहिल्यांदा जाताना जुन्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप आणि डॉक्टरची फाइल बरोबर ठेवा, काका सगळं मागतात. आता सकाळी त्यांची मुलगी असते, बी. फार्म झालेली. परवा तिनेही मला खोकल्याचं सिरप न देताच परत पाठवलं.