निचऱ्याच्या पाईपचं कॅल्क्युलेटर अॅप: सूत्र बरोबर आहे पण आधी सेटिंग उघडून बघा

तीन स्टार देतोय, आणि दोन का कापले ते नीट सांगतो कारण या अॅपच्या भरवशावर बुजवलेला चर मला परत उकरावा लागला. अॅपचं काम एवढंच, जमिनीखाली टाकलेला भोकाभोकांचा निचऱ्याचा पाईप सेकंदाला किती लिटर पाणी वाहून नेईल ते काढून द्यायचं, आत मॅनिंगचं सूत्र आहे (पाईपचा व्यास, उतार आणि आतला खडबडीतपणा यावरून प्रवाह काढतात ते), व्यास आणि उतार टाकला की उत्तर हजर. माझी 2 हेक्टर चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी जमीन, दिवसाला 10 मिमी पाणी बाहेर काढायचं धरलं तर सेकंदाला 2.3 लिटर होतात (हा हिशोब अॅप स्वतःच करून देतं, ते मला फार आवडलं). व्यास 100 मिमी, उतार 100 मीटरला 20 सेमी, उत्तर आलं 3 लिटर, म्हटलं भरपूर झालं आणि पाईप गाडून मोकळा झालो.

पुढच्या मोठ्या पावसात पाईप तोंडापर्यंत भरून वाहत होता तरी खालच्या अंगाला चार दिवस वाफसा आला नाही, म्हणजे माती मशागतीइतकी सुकली नाही. शेवटी पाईपच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरली आणि मोबाईलवर वेळ लावली, 14 सेकंद. परत धरली, परत 14. म्हणजे सेकंदाला जेमतेम 1.4 लिटर, अॅपने सांगितलेल्याच्या निम्मे पण नाही!

मग शोधत बसलो तर अॅडव्हान्स सेटिंगमध्ये खडबडीतपणाचा आकडा 0.010 सापडला, तो गुळगुळीत पाईपचा आहे हो, आपला पन्हाळीदार प्लास्टिकचा पाईप असतो त्याला 0.016 च्या आसपास धरावा लागतो. तो बदलल्यावर 3 चे 1.9 झाले. तरी बादलीशी जुळेना म्हणून उरलेल्या तुकड्याच्या आत पट्टी घालून बघितली तर 91 मिमी, 100 हे बाहेरून बाहेर माप होतं. 9 मिमीने काय होतंय असं वाटतं पण सूत्रात व्यासाचा घात 8/3 आहे त्यामुळे तेवढ्यानेच 22 टक्के क्षमता जाते. 91 टाकलं आणि 1.46 आलं, बादलीला बरोबर जुळलं! उतार वाढवून भागेल का तेही बघितलं, पण उताराचं वर्गमूळ लागतं, दुप्पट पाणी हवं तर उतार चौपट करावा लागतो, सपाट जमिनीत कुठून आणणार. आता शेवटच्या टप्प्यात आतून 125 मिमीचा टाकलाय, 3.4 लिटर येतात, गाळ बसला तरी जागा राहते.

बाकी अॅप नेटशिवाय चालतं, अर्धवट भरलेल्या पाईपचा ग्राफ तर सुंदर आहे, प्रवाह सगळ्यात जास्त पूर्ण भरल्यावर नाही तर 94 टक्के भरल्यावर असतो हे मला त्यातच कळलं. अॅपवाल्यांनी फक्त पाईपचा प्रकार आणि आतला व्यास पहिल्याच स्क्रीनवर विचारावा, उरलेले दोन स्टार त्याच दिवशी देईन.