आठ नगांचा शेकर सेट, कामाचे दोनच

ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारा स्टीलचा बार सेट. ७५० मिलीचा तीन भागांचा शेकर (भांडं, गाळणीचा खांदा आणि टोपी), ३०/६० मिलीचं दुतोंडी माप, पिळाच्या दांड्याचा लांब चमचा, लाकडी रगडा, स्प्रिंगची गाळणी, बर्फाचा चिमटा आणि बाटलीला बसवायच्या दोन तोट्या. तपासायला पेय एकच घेतलं, व्हिस्की सावर. व्हिस्की, लिंबू, साखर, बर्फ आणि वर फेस, एवढाच ऐवज. एक माप हुकलं तरी पहिल्या घोटात कळतं.

आधी माप. वजनकाट्यावर ठेवून पाणी भरलं: ३० ची बाजू काठोकाठ भरून २७ ग्रॅम, ६० ची ५५. (एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे हा हिशेब कोणालाही घरी करता येतो.) सगळं याच मापाने घेतलं तर फारसं बिघडत नाही, कारण दोन्ही बाजू जवळपास सारख्याच खोट्या आहेत. बिघडतं ते व्हिस्की मापाने आणि लिंबू अंदाजाने पिळल्यावर. आत १५-२० च्या रेघाही नाहीत. त्यापेक्षा मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणावी, सुई नको म्हणून सांगावं. लिंबू आणि पाकासाठी याहून नेमकं साधन नाही. काही सेटमध्ये माप तांब्याच्या मुलाम्याचं येतं. ते घेऊ नका. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवू नये हे घरात ज्या कारणाने सांगतात, तेच कारण इथेही.

प्रमाण असं: व्हिस्की ६० मिली, लिंबाचा रस २०, साखरेचा पाक २०, अंड्याचा पांढरा बलक १५ ते २०. मूळ अमेरिकी कृतीत बर्बन (मक्याची अमेरिकी व्हिस्की) आणि जाड सालीचं पिवळं लेमन असतं. आपलं कागदी लिंबू वेगळं, चवीला जास्त टोकदार, आणि जगभर त्याची जोडी रमशी लावतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींत उसाच्या मळीचंच स्पिरिट असतं, म्हणजे त्या अर्ध्या रमच्या घरच्या! कागदी लिंबू त्यांना छान मानवतं. महागडी सिंगल माल्ट मात्र यात घालून वाया घालवू नये.

लिंबू घेताना आकार नाही, वजन बघा. पातळ सालीचं, हाताला जड लागणारं घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले प्रमालिनी आणि विक्रम हे घोसाने लागणारे वाण. प्रमालिनी रसाला चांगली. बाजारात अर्थात नाव विचारून लिंबू मिळत नाही. चाळीस ग्रॅमच्या लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो. एप्रिल-मेमध्ये फळ बारीक आणि कोरडं असतं, तेव्हा एका ग्लासला दोन लिंबं धरा. साल पिळवटून शेवटचा थेंब काढू नका, कडूपणा तिथूनच येतो. सकाळचा रस संध्याकाळपर्यंत चालतो, दुसऱ्या दिवशी तो कडसर लागतो. बाटलीतला तयार रस नको.

पाक म्हणजे इथे एकतारी पाक नव्हे. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, बस. उकळून घट्ट केलेला पाक बर्फाशी गाठ पडली की तळाशी बसतो. मग वरचं आंबट आणि शेवटचा घोट गुळमट.

आता शेकर. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद हलवा, म्हणजे बलक फुलतो. इथे टोपी अंगठ्याने दाबून धरा, कारण फेसाने आत दाब वाढतो आणि टोपी उडते. मग सहा-सात मोठे खडे घालून आणखी १२ ते १५ सेकंद जोरात. शेकरवर दव जमलं की थांबा, असं सगळीकडे सांगतात, पण लातूर-नांदेडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते दव उशिरा आणि पातळच येतं. त्याची वाट बघत बसलात तर आत पाणीच पाणी होईल. घड्याळ लावा. बर्फ फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये. ताटलीत काढून ठेवलेला ओला बर्फ पेय जास्त पातळ करतो. आणि तो बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा नको, जारच्या पाण्याचा लावा.

याच टप्प्यावर सेटचे दोष उघडे पडले. खांद्याच्या जोडातून थेंब गळतात. घेतल्यावर आधी साधं पाणी भरून हलवून बघा, जास्त गळत असेल तर लगेच परत करा. दुसरं, टोपी अडकते. आतली हवा थंड होऊन आकसते आणि स्टील आवळतं. ओट्यावर आपटलं की काठ चेपतो आणि मग तो शेकर कायमचा गळतो. जोडावर कोमट पाण्याचा हात फिरवला की सुटते. त्याहून बरं म्हणजे आधी गाळणीचा भाग बसवून, हवा निघू देऊन, टोपी शेवटी लावणं. तिसरं, अंगच्या गाळणीची भोकं मोठी, बर्फाचा चुरा आणि लिंबाचे रेषे ग्लासात येतात. खाली घरातली चहाची गाळणी धरा, मात्र आल्या-वेलचीचा वास गेलेली.

लिंबू लागलेला शेकर रात्रभर सिंकमध्ये राहिला तर सांध्याशी तांबूस डाग दिसतो. लोहचुंबक लावून स्टीलची प्रत कळते, या समजुतीत राहू नका. हलक्या प्रतीचं २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. लगेच धुऊन, उघडा पालथा घाला.

उन्हाळ्यात दुकानाबाहेर ट्रेमध्ये तापलेली अंडी कच्ची वापरू नका. त्याऐवजी काबुली चणे शिजवल्यावरचं, पांढऱ्या बलकाइतकं दाट आटवलेलं पाणी २५-३० मिली. कुकरमध्ये मीठ आणि खाण्याचा सोडा अजिबात नको. सोडा लिंबाचा आंबटपणाच मारतो. अंडं घेतलंच तर फेसावर किंचित जायफळ किसा, वास झाकला जातो.

चमचा, रगडा, चिमटा, तोट्या सावरला लागत नाहीत. वेगळी स्प्रिंगची गाळणी तर तीन भागांच्या शेकरला बसतही नाही, ती दोन ग्लासांच्या शेकरची. सुटा शेकर आणि सुटं माप मिळालं तर तेच घ्या.

ग्लासात उतरतं ते बर्फाच्या पाण्यासह दीडशे मिलीहून जास्तच, चवीला सरबतासारखं, पण आत अख्खा लार्ज पेग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही.