शिक्क्याविना केलेली सही

२०१९ मध्ये मी आणि माझ्या मित्राने नागपुरात प्रतापनगरला एका चहा-कॉफीच्या ब्रँडची फ्रँचायझी घेतली. उद्या धंदा बुडालाच तर घरादारावर येऊ नये म्हणून मुद्दाम प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कंपनीचं देणं कंपनीचं, तुम्ही भागभांडवलापुरते, असं सीएंनी समजावलं होतं आणि ते खरंच होतं. त्या भिंतीला भगदाड मी माझ्याच हाताने पाडलं.

करारनामा ४६ पानांचा. प्रत्येक पानावर कंपनीचा शिक्का मारून डायरेक्टर म्हणून सही करत गेलो. शेवटच्या चार पानांवर ब्रँडचा माणूस म्हणाला, "सर, इथे शिक्का नको, नुसती सही. आणि वहिनींचीही एक लागेल. फॉर्मॅलिटी आहे." पत्नी शाळेत शिक्षिका, कंपनीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिला संध्याकाळी बोलावून घेतलं आणि माझ्यावर विश्वास ठेवून तिने सही केली. ते वैयक्तिक हमीपत्र होतं, म्हणजे कंपनीने पैसे दिले नाहीत तर आम्ही जामीनदार म्हणून स्वतःच्या खिशातून देऊ, असं लिहून दिलेलं. सोबत 'सिक्युरिटी' म्हणून दोन कोरे चेकही दिले.

२०२२ मध्ये मी बाहेर पडलो. शेअर मित्राच्या नावावर केले, राजीनामा दिला, कंपनी रजिस्ट्रारकडे नोंद झाली. ब्रँडच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "झालं सर, आता तुमचा काही संबंध नाही." हे मी लेखी मागितलं नाही.

२०२४ मध्ये दुकान बंद पडलं आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. मालाची उधारी, थकलेली रॉयल्टी आणि मुदतीआधी करार मोडल्याची भरपाई मिळून ११ लाख ४० हजार. नावं चार: कंपनी, मित्र, मी आणि माझी पत्नी.

सिव्हिल लाइन्सला वकिलांकडे गेलो. त्यांनी भारतीय करार कायदा, १८७२ उघडून कलम १२८ दाखवलं. करारात वेगळं ठरलं नसेल तर मूळ देणेकऱ्याची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय सहसा नसते. डायरेक्टरपद सोडलं की हमी आपोआप सुटत नाही. चालू स्वरूपाची, म्हणजे एकामागोमाग होत राहणाऱ्या व्यवहारांची हमी पुढच्या व्यवहारांपुरती रद्द करायला कलम १३० प्रमाणे समोरच्याला नोटीस द्यावी लागते. ती मी २०२२ मध्येच दिली असती तर नंतरच्या उधारीचा मोठा भाग वगळण्यासाठी भांडता आलं असतं. जामीनदाराला न विचारता अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो, हे कलम १३३ आहे. पण माझ्या हमीपत्रात अशा बदलांना आगाऊ संमती लिहूनच घेतली होती, तिसऱ्या पानावर, बारीक टाइपात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पत्नीचं. माझी चूक मी भरेन, पण तिच्या पगाराच्या बचतीवर कुणी बोट ठेवावं हे सहन होत नाही. त्या दोन चेकांचीही धास्ती होती. चेक वटला नाही, नोटीस आली आणि १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागू शकतं. सिक्युरिटीचा चेक आहे एवढ्यावर सुटका होत नाही.

शेवटी तडजोडीत साडेसहा लाख भरले, त्यात तिची एफडी मोडली. भरलेली रक्कम मूळ देणेकऱ्याकडून मागायचा हक्क कायदा जामीनदाराला देतो, पण त्या कंपनीच्या खात्यात उरलंय काय? मित्राने आपला वाटा हळूहळू देतो म्हटलंय.

गेल्या महिन्यात मनीषनगरचा भाचा असाच करार घेऊन आला. आम्ही मिळून आधी शिक्क्याविना सही मागणारी पानं शोधली. हमीची कमाल रक्कम आकड्यात लिहा, मुदत लिहा, दुकान दुसऱ्याला दिलं की मूळ हमीपत्र परत द्या आणि त्याच्या आईचं नाव काढा, असं ईमेलने कळवलं. रक्कम त्यांनी पाच लाखांवर बांधून दिली, आईचं नावही काढलं. हमीपत्र परत द्यायचं मात्र अजून कबूल केलेलं नाही. तोवर भाच्याने सही थांबवली आहे.