जुन्या तुळईचे टेबल, लेसरची मोजपट्टी आणि सव्वा लिटर रेझिन

गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका छोट्या कार्यशाळेत कामाचे टेबल बनवायला दिले आणि ते ऑक्टोबरच्या मध्यावर घरी आले. आता मे महिना चालू आहे, म्हणजे टेबल सात महिने रोज आठ तास वापरून झाले आहे. एवढ्या वापरानंतर त्याविषयी लिहायला हरकत नसावी. कार्यशाळेचे नाव मी देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही लिहायच्या आहेत आणि मालक व दोन कारागीर अशा तिघांच्या धंद्याला एकाच गिऱ्हाइकाच्या अनुभवावरून जोखले जावे असे मला वाटत नाही.

माझे काम इमारतींचे आराखडे तपासण्याचे आहे. ए-१ आकाराचा कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा असतो. तो पूर्ण पसरून शेजारी संगणकाचा पडदा मावावा, एवढीच मूळ गरज होती. त्यासाठी १५०० बाय ७०० मिलिमीटरचा माथा ठरला. बाजारात या मापाची तयार टेबले मिळतात, पण ती बहुतेक पार्टिकल बोर्डाची असतात आणि कडेची पट्टी सुटली की पावसाळ्यात फुगू लागतात. म्हणून जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन पाडलेल्या वाड्यातून आलेल्या सागवानी तुळईचे तुकडे निवडले आणि ते कार्यशाळेत नेऊन टाकले.

जाताना डोक्यात अर्थातच ती निळी नदी होती. दोन फळ्यांच्या मधून वाहणारे पारदर्शक निळे रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे इपॉक्सी) असलेली टेबले आता इतकी दिसतात, की रेझिन म्हटले की नदीच आठवते. मालकांनी तुळई उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "नदी करून देतो, पण मग हे लाकूड कशाला घेतलंत?" त्यांचे म्हणणे असे होते की नदी शोभते ती खोडाच्या नैसर्गिक वेड्यावाकड्या कडेला, चौरस तासलेल्या तुळईच्या सरळ कडांमध्ये ओतलेले निळे रेझिन नदीसारखे न दिसता कालव्यासारखे दिसेल. उलट या लाकडात दुसऱ्या तुळया अडकवण्यासाठी कोरलेली तीन खोल भोके होती, लांब भेगा होत्या आणि खिळ्यांभोवती लोखंडामुळे पडलेले काळे डाग होते. रेझिन तेवढ्याच ठिकाणी, तेही निळे न घालता किंचित धुरकट घालावे, असा त्यांचा सल्ला होता. मी थोडा हिरमुसून तो मानला. आज टेबलाकडे पाहताना वाटते की या व्यवहारातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते. त्या एका वाक्याने त्यांचे स्वतःचे बिलही कमी झाले, कारण नदीला दहा-बारा लिटर रेझिन लागले असते आणि येथे सव्वा लिटरमध्ये भागले.

यानंतर आली ती प्रतीक्षा. जुने लाकूड म्हणजे वाळलेले लाकूड, असा आपला समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. शंभर वर्षांचे सागवानही पावसाळ्यात उघड्या वखारीत पडून राहिले तर हवेतील ओल ओढून घेते. कार्यशाळेत आर्द्रता मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र होते आणि फळ्या कापल्यानंतर त्यावर १४ टक्के आकडा दिसला. मालकांनी फळ्या मागच्या बंद खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचल्या, हवेतील ओल काढणारे यंत्र लावले आणि आकडा ११ च्या खाली येईपर्यंत रेझिनचे नाव काढायचे नाही, असे सांगून टाकले. ओल्या लाकडावर रेझिन नीट धरत नाही. शिवाय लाकूड पुढे आकसले की रेझिन जागचे हलत नाही आणि दोघांच्या सीमेवर केसासारखी फट उघडते. पावसाळी हवेचा दुसरा त्रास असा की हार्डनरमधील, म्हणजे रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायच्या द्रवातील, अमाइन हे रसायन हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर मेणचट, चिकट थर चढतो. यंत्रावर आकडा साडेदहा दिसायला साडेतीन आठवडे लागले. मालकांनी रोज यंत्राचे छायाचित्र पाठवावे अशी माझी अपेक्षा नव्हती, पण ते दर तीन दिवसांनी पाठवत होते, याची नोंद करायला हवी.

रेझिन ओतण्याच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. टेबलावर वरून चकाकी देण्यासाठी वापरतात ते रेझिन आणि खोल भोकात ओतायचे रेझिन ही वेगळी असतात. पहिले भराभर घट्ट होते. ते ३८ मिलिमीटर खोल भोकात ओतले तर स्वतःच्याच उष्णतेने तापते, पिवळे पडते, कधी तडकते. दुसरे सावकाश, दोन-तीन दिवसांत आवळत जाते आणि त्यामुळे त्यातील बुडबुड्यांनाही वर येऊन फुटायला वेळ मिळतो. सागवान मुळात तेलकट असल्यामुळे भोकांच्या भिंती ॲसिटोनने पुसल्या, मग पातळ रेझिनचा एक हात दिला, जेणेकरून लाकडाच्या छिद्रांतील हवा नंतर बुडबुडे बनून वर येणार नाही. खालून टेपने बंद केलेल्या भोकांत रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून ओतले. मोजणीत त्यांनी कोणतीही घाई केली नाही. खटकले ते एवढेच की ओतणाऱ्या मुलाच्या हातात हातमोजे नव्हते. न आवळलेल्या रेझिनची त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. मी मालकांना तसे सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या भेटीत मोजे एका खिळ्याला टांगलेले दिसले. हातात मात्र तेव्हाही नव्हते.

आता लेसर. लेसर कटर म्हटले की अख्खे टेबल त्या यंत्रातून कापून निघते असे अनेकांना वाटते. मी विज्ञान आश्रमाच्या पाबळ येथील फॅब लॅबमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळेत, पूर्वी असे यंत्र पाहिले होते, म्हणून माझा तो गैरसमज नव्हता. या कार्यशाळेतील कार्बन डायऑक्साइड नळीचे १०० वॉटचे यंत्र पातळ प्लायवूड सफाईने कापते, पण ३८ मिलिमीटर जाडीच्या सागवानापुढे त्याचे काही चालत नाही. तेथे करवतच लागते. लेसरचे काम कोरण्याचे आणि टेबलाखालच्या खणाचे. मी पुढच्या कडेला ६० सेंटिमीटरची मोजपट्टी कोरून मागितली होती, म्हणजे आराखड्यावरील अंतर ताडायला दर वेळी पट्टी शोधावी लागू नये. त्याबरोबर डाव्या बाजूला, टेबलाच्या रुंदीच्या दिशेने, ३० सेंटिमीटरची आणखी एक पट्टी हवी होती.

ही दुसरी पट्टी मालकांनी नाकारली, आणि नाकारण्याचे कारण ऐकून मलाच ओशाळल्यासारखे झाले, कारण साहित्याचे प्रसरण हा माझ्याही रोजच्या कामातील विषय आहे. लाकूड रेषांच्या दिशेने ऋतूनुसार जवळजवळ बदलत नाही. बदलते ते आडवे. सातशे मिलिमीटर रुंदीच्या सागवानी माथ्यात कोरड्या आणि दमट ऋतूंमध्ये दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. लांबीच्या दिशेने कोरलेली पट्टी वर्षभर खरे बोलेल, रुंदीच्या दिशेची पट्टी मात्र प्रत्येक ऋतूत वेगळे सांगेल. मी हे नंतर स्वतः पडताळले: ऑक्टोबरमध्ये माथ्याची रुंदी बरोबर ७०० भरली होती, एप्रिलमध्ये ती ६९८ भरली. याच कारणासाठी लोखंडी सांगाड्यात माथ्याचे बोल्ट गोल भोकांत न बसवता लांबट भोकांत बसवले आहेत आणि ते आवळून टाकलेले नाहीत. टेबल घेताना खाली वाकून कोणी पाहत नाही, पण खरे काम तेथेच दिसते. बोल्ट घट्ट आवळलेला माथा एखाद्या उन्हाळ्यात मधोमध फाटतो.

मोजपट्टीचा पहिला नमुना प्लायवूडच्या तुकड्यावर कोरला गेला. तो माझ्या पोलादी पट्टीशी ताडला तेव्हा ६०० मिलिमीटरला एक मिलिमीटर जास्त भरला. यंत्राची मापे नव्याने जुळवल्यावर टेबलावर कोरलेली पट्टी ६०० ला ०.३ मिलिमीटरच्या आत बसली, जे माझ्या डोळ्यांना पुरेसे आहे. यंत्रात काम ठेवायची जागा १३०० मिलिमीटरची असल्याने माथा पुढच्या-मागच्या झडपा उघडून आत सरकवावा लागला. लेन्सपासूनचे अंतर दोन-तीन मिलिमीटरने चुकले तरी रेष जाड आणि धुरकट येते, त्यामुळे माथा आधी अगदी सपाट करून घेतला होता. कोरलेल्या रेषांत काळे रेझिन भरून वरचा थर घासून काढला, तेव्हा देवनागरी आकडे आणि रेषा लाकडात जणू शाईने छापल्यासारख्या दिसू लागल्या.

पण ३७ च्या आकड्याजवळ शाई फुटली. सागवानाची छिद्रे मोठी असतात. कोरण्याआधी पृष्ठभाग नीट बंद केला नाही तर काळा रंग छिद्रांतून रेषेबाहेर पळतो. येथे तेवढाच भाग बंद करायचा राहिला होता. मी दाखवल्यावर त्यांनी तो पटाशीने खरवडून, सागाचीच चीप बसवून पुन्हा कोरून दिला, पैसे मागितले नाहीत. ती चीप आजही शोधल्याशिवाय दिसत नाही. मला मात्र दिसते.

खणातील कप्पे सहा मिलिमीटर प्लायवूडचे आहेत. लेसर कापताना स्वतःही सुमारे ०.२ मिलिमीटर लाकूड जाळतो, आणि ते गृहीत धरून आखणी केल्यामुळे कोपऱ्यांचे फिंगर जॉइंट (बोटांसारखे एकमेकांत अडकणारे सांधे) हातोडीशिवाय, अंगठ्याच्या दाबाने बसतात. हे पाहण्यात एक वेगळेच सुख आहे. दुःख असे की कापलेल्या कडा काळ्या असतात आणि त्या पुसल्याच नव्हत्या. पहिल्या आठवड्यात दोन आराखड्यांवर माझे काळे ठसे उमटले. जळक्या लाकडाचा वास तर खण उघडताना डिसेंबरपर्यंत येत होता. येथेच एक प्रसंग नोंदवतो. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने पीव्हीसीची फोम शीट कापून मागितली आणि मालकांनी सरळ नकार दिला, कारण ती लेसरखाली जळाली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसांना घातक आणि यंत्राला गंजवणारा असतो. गिऱ्हाईक रागावून गेले. त्या नकारामुळे माझा त्यांच्यावरील विश्वास वाढला.

माथ्याला चकचकीत थर न देता तेल-मेणाचे मंद पॉलिश घेतले. यातही एक पेच असतो: लाकूड फार बारीक पॉलिश पेपरने घासले तर ते तेल कमी पिते, आणि रेझिन जाड पेपरवर सोडले तर त्यावर गोल ओरखडे दिसतात. सगळा माथा ३२० नंबरपर्यंत घासून त्यांनी मधला मार्ग काढला. खिडकीतून सकाळचे तिरपे ऊन येते तेव्हा रेझिनवर पुसट ओरखडे दिसतात, एरवी नाही.

रेझिनच्या बाबतीत माझी खरी तक्रार वेगळी आहे. आवळलेले सामान्य इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, हे मला कोणी सांगितले नाही. नोव्हेंबरमध्ये स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा नेमका रेझिन भरलेल्या एका भोकावर ठेवला आणि एक कडे उमटले. लाकडावर तेलाचा हात फिरवून डाग घालवता येतो, रेझिनवरचे कडे घालवायला पुन्हा घासावे लागते. मी विचारल्यावर काळजी कशी घ्यावी याचे एक पान आले. ते टेबलाबरोबरच यायला हवे होते.

पैशांचा हिशेब असा: लाकूड १४,००० रुपये, लोखंडी सांगाडा ९,५००, लेसरचे काम ६,०००, रेझिन ५,५०० आणि मजुरी २७,०००, एकूण ६२,००० रुपये, कर वेगळा. याशिवाय लपून राहिलेल्या एका खिळ्याने प्लेनरचे (फळ्या तासायच्या यंत्राचे) पाते बिघडले म्हणून ८०० रुपये माझ्या बिलात लावले होते. फळ्यांवर धातुशोधक फिरवण्याची जबाबदारी कार्यशाळेची, असे मी म्हटले. लाकूड तुम्ही आणले, असे ते म्हणाले. शेवटी निम्मे निम्मे ठरले. टेबल महाग आहे, हे उघड आहे. पण बिलातील सर्वांत मोठा आकडा मजुरीचा आहे आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. नदीच्या टेबलाला याहून जास्त पैसे देऊन लोक मुख्यतः रेझिन विकत घेतात.

मुदत सहा आठवड्यांची सांगितली होती, लागले अकरा. लाकूड वाळण्याचे साडेतीन आठवडे मला मान्य आहेत आणि ते आधी कळवलेही होते. उरलेल्या दीड आठवड्याचे कारण मला आजतागायत कळलेले नाही, कारण त्या काळात फोन उचलला जात नव्हता. टेबल आले तेव्हा दोन माणसांनी पंचेचाळीस किलोचा ऐवज तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय, एकही कोपरा न आपटता चढवला आणि पाणसळ लावून चारही पाय जुळवून दिले. अशा वेळी रागवायचे कसे, हाही प्रश्नच.

ज्यांना टेबलाची मापे, उपयोग आणि बसण्याची जागा नेमकी ठाऊक आहे आणि जे दोन महिने थांबू शकतात, त्यांनी असे टेबल जरूर करून घ्यावे. छायाचित्र दाखवून "असेच हवे" म्हणणाऱ्यांनी तयार टेबल घेतलेले बरे. पहिला पावसाळा या माथ्याने अजून माझ्या घरात काढलेला नाही, त्यामुळे लाकूड आणि रेझिन यांच्या सांध्याविषयी अंतिम मत मी सप्टेंबरपर्यंत राखून ठेवतो. आजच्या घडीला नख अडकेल अशी फट कोठेही नाही.

एक काम बाकी आहे. खण पूर्ण ओढला की बाहेर पडतो, कारण त्याला अडवणारी खुंटी बसवायची राहिली आहे. परवा फोन केला तेव्हा "मंगळवारी माणूस पाठवतो" असे उत्तर मिळाले. कोणत्या मंगळवारी, ते विचारायचे राहून गेले.